तेवीस आरे

चितार ओळीत डोळे शेवटी काढतात.
आधी तणस, मग माती, खडू, रंग,
दागिने, नखं, उंदराच्या मिशासुद्धा;
मग घरातल्यांना बाहेर घालवून
डोमाजी, माझा बाप,
खारीच्या केसांचा कुंचला ओठांत ओला करून,
श्वास धरून
देवाला बघायला लावायचा.

त्रेचाळीस साली कामठीच्या छावणीतून बोलावणं आलं.
रंगारी पाहिजेत, रोजी दीड रुपया.
काम उलटं होतं:
लष्कराचे ट्रक रंगवायचे, ते दिसू नयेत म्हणून.
चिखलाचा एक चट्टा, पाल्याचा एक,
गाडी कुठं संपते, रान कुठं सुरू होतं
कळता कामा नये.
"जन्मभर कडा शिकलो," बाप म्हणे,
"आता कडा मोडाचे पैसे भेटते."

ट्रक ब्रह्मदेशाकडे जायचे.
प्रत्येकाच्या मडगार्डखाली, वाकूनही दिसणार नाही अशा जागी,
त्यानं दोन डोळे काढले.
मुकादमानं एकदा पाहिलंच.
काऊन बे, हे काय होय?
"ज्याले डोळे नाही, तो वापस कसा येईन?"
मुकादम उमरेडचा होता. त्याचा भाऊ त्याच वाटेनं गेलेला.
त्यानं पत्रा ठोकून सरळ केला, आणि पुढच्या गाडीकडे वळला.

त्याच वर्षी, तान्ह्या पोळ्याच्या आदल्या रात्री,
छावणीतून डब्यात लपवून आणलेल्या हिरव्या रंगानं
बापानं साहेबाचा बडग्या रंगवला.
कामट्या, रद्दी, पोटात फाटकी गोणपाटं.
मारबतीच्या मागोमाग तो महालातून नाचत गेला आणि जळाला.
सरकारी रंग झकास पेटतो, बाप सांगायचा, त्यात राळ असते.
मी विचारलं होतं: दिवसा त्यांना लपवायचं,
रात्री त्यांनाच जाळायला बांधायचं?
तो म्हणाला, रात्रीचे पैसे नाही घेतले.
हे उत्तर आहे की नाही
मला अजून ठरवता आलेलं नाही.

सत्तेचाळीसला झेंड्यांची ऑर्डर.
दोनशे चक्रं, तीन रात्री, एक कंदील.
एका चक्रात तेवीसच आरे भरले.
तो देता येईना, फाडवेना.
पेटीत ठेवला.

आता पेटी माझ्याकडे आहे, आणि कामही.
एकाहत्तरच्या लढाईत गेलेला हवालदार देवमन,
एवढ्या वर्षांनी एका चौकाला नाव हवं झालं म्हणून
फायबरचा उभा राहणार होता.
समितीचे लोक मातीच्या नमुन्याभोवती फिरले.
छाती दोन इंच वाढवा. मिशी भरदार. बोट सीमेकडे.
सीमा कोणत्या बाजूला, यावर थोडा वाद झाला.

त्यांच्या मागून पंचफुलाबाई आल्या.
चप्पल बाहेर काढली, जणू देवच बसला आहे आत.
बराच वेळ पाहून विचारलं, हा कोन आहे?
मग माझ्या डाव्या पापणीला बोट लावून म्हणाल्या,
ही त्याची अशी जराशी खाली असे.
हसला की अजूनच.
फोटोवाल्यानं ताठ बस म्हटलं, तवा गेली ती.

मी पापणी खाली आणली.
समितीनं ती वर करवली.
पडलेल्या पापणीचा जवान, साहेब, शोभते का?

उद्घाटनाला पडदा बोटात अडकला,
एका पोराला वर चढवावं लागलं.
भाषणं लांबली. पंचफुलाबाई तिसऱ्या रांगेत,
पुतळ्याच्या पाठीमागच्या झाडाकडे बघत.
पोकळ छातीच्या आत, साचा जोडण्याआधी,
मी एक डोळा काढला आहे, पापणी जरा खाली.
त्यांना सांगितलेलं नाही.
बापानंही कधी विचारलं नाही
किती ट्रक परत आले.

रात्री कधी पेटी उघडतो.
कापड पिवळं पडलंय, निळा रंग धरून आहे.
बोटानं मोजतो, एक, दोन,
वीसच्या पुढं सावकाश जातो,
यंदा चोवीस भरतील म्हणून.